सोबत कोण आलंय?

मे महिना. सरकारी रुग्णालयाची ओपीडी. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेलीय. पंखा घरघरतो, वारा लागत नाही.

वर, विस्मरणाच्या तपासणीबाहेर, बाकांवर म्हातारी माणसं आहेत. त्यांच्या शेजारी शाळकरी पोरं. आईबापांना रजा नसते, नातवंडांना सुट्टी असते.

"गाडी कधी सुटायची गं?" एक आजी विचारते.

"अजून वेळ आहे, आजी." दहावीची परीक्षा दिलेली नात सांगते. दोन मिनिटांनी तोच प्रश्न, तेच उत्तर. आवाज तसूभरही चढत नाही.

पलीकडचा मुलगा मोबाइलमधून मान काढून हसतो. "वेड लागलंय का?"

"वेड नाही. डिमेन्शिया."

"तेच ना ते." त्याच्या आजोबांच्या शर्टाची बटणं एक घर चुकलीत. "आमचे तर मुद्दाम करतात. गावच्या शाळेतल्या मास्तरांची नावं पाठ, आणि आत्ता जेवले ते आठवत नाही. असं कसं असेल?"

शंका रास्त आहे. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग बहुधा आधी झिजतो, जुन्या बराच काळ टिकतात. हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. घरात 'म्हातारचळ' म्हणून विषय मिटला असावा. अशी घरं थोडी नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज, साठीपुढच्या शंभरांत सातेक जणांना डिमेन्शिया. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त.

आजोबांना आत बोलावतात. दार अर्धवट उघडंच. "घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं." पेन्सिल थबकत फिरते. बाराही आकडे उजवीकडेच दाटतात. नातू कागदाकडे बघतो, मग छताकडे.

बाहेर हेल्मेट हातात घेऊन आजींचा मुलगा धावत येतो. आत गेल्यावर डॉक्टर त्यालाच विचारतात, "कधीपासून?"

"दोन-तीन महिने."

"नाही हो बाबा, गणपतीपासून," मुलगी म्हणते. "आरती झाल्या झाल्या परत आरतीला उभी राहायची." डॉक्टरांची खुर्ची तिच्याकडे वळते. झोप? जेवण? रस्ता चुकतात का? सगळी उत्तरं तिच्याकडे आहेत. रात्री आजीच्या खोलीत तीच झोपते.

जिन्यात आजोबांचा नातू तिला गाठतो. "रात्री उठून कडी काढतात गं. काय करायचं?"

"वर दुसरी कडी लाव. आणि गावाला निघालोय म्हणाले तर नाही म्हणू नकोस. पाणी दे, गावाचंच विचार. जातो वेळ."

तो मोबाइलवर काहीतरी टिपून घेतो.

रक्ततपासणीला पुन्हा रांग. साखर, थायरॉइड, बी-१२. शेवटच्या दोन्हींच्या बिघाडानंही विसर पडतो, आणि तो उपचारानं सुधारू शकतो.

"आजी उपाशीपोटी आहेत ना?"

"हो," वडील म्हणतात.

"चहा-बिस्कीट झालंय," मुलगी म्हणते.

"मग उद्या या."

वडील घड्याळ बघतात.

"मी आणते," ती म्हणते, आणि आजीची चप्पल सरळ करून देते.