काळी पडलेली ज्वारी

मंठा तालुक्यातील आमच्या खेड्यात आता खरिपाची ज्वारी फारशी कोणी पेरत नाही. सोयाबीन आणि कापूस यांनी तिची जागा घेतली आहे. आमचे वडील मात्र घरच्या भाकरीसाठी आणि बैलांच्या कडब्यासाठी एक एकर हायब्रीड अजून पेरतात. गेल्या वर्षी कणसे अशी भरली होती की, येणारा-जाणारा बांधावर थांबून पाहत असे. ‘हस्ताचा पाऊस जाऊ द्या, ऊन पडलं की कापू,’ असे वडील म्हणाले. पण हस्त जाईना. आठ दिवसांनी ऊन पडले तेव्हा मोत्यासारखी ज्वारी काळवंडून गेली होती. काही दाण्यांवर गुलाबी झाक होती.

शेजारी म्हणाले, ‘काणी पडली. पेरताना बियाण्याला गंधक चोळायला पाहिजे होतं.’ वडिलांनी तो दोष मुकाट्याने स्वतःकडे घेतला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ‘तुझ्या पुस्तकात यावर काही आहे का रे?’ असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी कला शाखेचा विद्यार्थी. शेतीशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण प्रश्न वडिलांचा होता. म्हणून ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, आणि जे समजले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, ती काणी नव्हती. काणीमध्ये दाणा दाणाच राहत नाही, त्याच्या जागी काळ्या भुकटीची पिशवी तयार होते. हा रोग बियाण्याबरोबर येतो, म्हणून गंधकाची बीजप्रक्रिया त्यावर चालते. आमच्या कणसात दाणा होता, पण त्यावर बुरशी चढली होती. फ्युजेरियम, कर्व्हुलारिया अशी या बुरशींची नावे आहेत. पहिलीची झाक पांढरी-गुलाबी, तर दुसरीची काळी. त्यांचे बीजाणू हवेतून येतात, फुलोऱ्यापासूनच कणसात शिरतात आणि पक्व दाणा पावसात भिजत राहिला की फोफावतात. बियाण्याला कितीही गंधक चोळले असते तरी हे टळले नसते.

मग आजोबांच्या काळी ज्वारी अशी काळी का पडत नसे? याचे उत्तर मला फार मनोरंजक वाटले. जुनी गावरान ज्वारी दिवसाची लांबी ओळखत असे. मृगात पेरली तरी दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती निसवत नसे. त्यामुळे पाऊस सरताना फुलोरा येई आणि दाणा कोरड्या हवेत पिके. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित वाण आला. संकरित ज्वारी शंभर-सव्वाशे दिवसांत तयार होते. दिवस लहान होण्याची ती वाट पाहत नाही. उत्पन्न भरघोस येते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रेशनची लाल मिलो खाल्ली, त्यांना या भरघोसपणाचे मोल सांगायला नको. पण जूनमध्ये पेरलेले हे पीक नेमके उत्तरा-हस्ताच्या पावसात पिकते. रब्बीची मालदांडी थंडीच्या कोरड्या हवेत पिकते, म्हणून ती पांढरीशुभ्र राहते. तेव्हा दोष वडिलांच्या हाताचा नव्हता, तारखांच्या गाठीचा होता.

उपाय कोणता? दाणा ताटावर वाळण्याची वाट पाहू नये. कणसाच्या खालच्या भागातला दाणा काढून त्याचे बूड पाहावे. कणीस वरून खाली पिकत येते, म्हणून खालचाच दाणा पाहायचा. बुडाशी काळा ठिपका दिसला की दाण्याला ताटाकडून मिळणारे अन्न थांबले असे समजावे. त्यानंतर तो ताटावर ठेवून वजन वाढत नाही, धोका मात्र वाढतो. या वेळी दाण्यात साधारण ३० टक्के ओल असते. म्हणून खुडलेल्या कणसांचा ढीग घालू नये, ढीग आतून तापतो. छपराखाली पातळ पसरून ती वरचेवर हलवावीत आणि ओल १२ टक्क्यांच्या आत आल्यावरच धान्य साठवावे. काळी कणसे मळणीपूर्वीच वेगळी काढावीत. बुरशीने पोखरलेला दाणा हलका होतो, तो उफणताना व पाखडताना बराच निघून जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. काळी ज्वारी दिसायलाच वाईट असते असे नाही. फ्युजेरियमच्या काही जाती फ्युमोनिसिन नावाचे विष तयार करतात, आणि भाकरी भाजल्याने ते जातेच असे नाही. १९९५ साली आंध्र प्रदेश व कर्नाटकातील काही खेड्यांत पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने लोकांना पोटदुखी व जुलाब झाले होते. असे धान्य जनावरापुढे टाकतानाही पशुवैद्यकाला विचारावे.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. कारण गेल्या वर्षी आईने सुपात ज्वारी निवडून दोन वाटे केले होते. पांढरा वाटा बाजारात गेला, त्या पैशांत माझी फी भरली. काळा वाटा घरात राहिला. मी शहरात मेसची पोळी खात होतो आणि घरी सगळे ती कडवट भाकरी खात होते. चांगले विकायचे आणि वाईट खायचे, ही रीत आमच्याकडे इतकी जुनी आहे की, तिच्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटलेही नाही.

यंदा काळा ठिपका मी वडिलांना दाखवला. त्यांनी चार कणसे तपासली, आभाळाकडे पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी विळा काढला. कणसे मारुतीच्या सभामंडपात पसरली. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. सगळे पीक वाचले असे म्हणणार नाही. दोन टोपली काळी निघालीच. पण ती आईने घरात येऊ दिली नाहीत. पांढरी ज्वारी यंदा कणगीत आहे आणि माझ्या फीचा हप्ता थोडा थकला आहे. मला त्याचे दुःख नाही.