पर्सी जॅक्सन वर्गात शिकवताना : ग्रीक पुराणकथांवर आधारित कादंबरीसाठी सात उपक्रम



सहावी ते आठवीच्या मुलांना अवांतर वाचनासाठी कोणतं इंग्रजी पुस्तक द्यावं, हा प्रश्न आपल्याला दरवर्षी पडतो. गोष्ट वेगवान हवी, भाषा फार जड नको आणि वाचून झाल्यावर बोलण्यासारखंही काही हवं. या तिन्ही अपेक्षा पूर्ण करणारं एक पुस्तक म्हणजे रिक रायर्डन यांचं 'द लाइटनिंग थीफ'. २००५ साली आलेली ही कादंबरी पर्सी जॅक्सन मालिकेतील पहिली आहे. आज आपण ती वर्गात कशी घ्यायची ते पाहू.

लेखक आणि गोष्ट थोडक्यात

रायर्डन हे स्वतः शिक्षक होते. सुमारे १५ वर्षे त्यांनी माध्यमिक वयोगटातील मुलांना इंग्रजी आणि इतिहास शिकवला. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी, म्हणजे वाचनातील अडचण आणि अतिचंचलता, असल्याचं निदान झालं होतं. त्याला झोपताना ते ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगत. त्या संपल्या तेव्हा त्यांनी स्वतःच एक नवा नायक रचला, तोच हा पर्सी.

पर्सी १२ वर्षांचा आहे. त्याला नीट वाचता येत नाही, एका जागी बसवत नाही आणि एकेक शाळा सुटत जाते. मग त्याला कळतं की आपले वडील म्हणजे समुद्राचा देव पोसायडन. देवराज झ्यूसचं वज्र चोरीला गेलंय आणि आळ पर्सीवर आलाय. २१ जूनच्या आत ते शोधून परत द्यायचं, नाहीतर देवादेवांत युद्ध होणार. सोबतीला अथीना देवीची मुलगी ॲनाबेथ आणि बोकडाच्या पायांचा मित्र ग्रोव्हर. एकूण २२ प्रकरणं आहेत. आठवड्याला दोन तासिका धरल्या तर दीड-दोन महिन्यांत पुस्तक आरामात होतं.

उपक्रम १ : तीन भाऊ, तीन चिठ्ठ्या (वाचनाआधी)

ग्रीक कथेनुसार झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या तीन भावांनी जगाची वाटणी चिठ्ठ्या टाकून केली. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला पाताळ मिळालं. वर्गात तीन मुलांना पुढे बोलवा आणि खरोखरच चिठ्ठ्या उचलायला लावा. ज्याच्या वाट्याला पाताळ येईल त्याला विचारा, "तुला कसं वाटतंय? वाटणी बरोबर झाली का?"

मुलं लगेच वाद घालतात. पुस्तकातलं सगळं भांडण याच वाटणीत दडलेलं आहे, त्यामुळे पुढची गोष्ट समजायला सोपी जाते. देवांची वंशावळ फळ्यावर लिहून पाठ करून घेण्याची मग गरज उरत नाही.

जाता जाता एक गंमत सांगा. 'झ्यूस' आणि आपल्या ऋग्वेदातला 'द्यौस्' हे शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. झ्यूसच्या हातातलं वज्र पाहून मुलांना इंद्र आठवतोच!

उपक्रम २ : जुनी गोष्ट, नवं दुकान (वाचताना)

लेखकाने जुने राक्षस आजच्या अमेरिकेत आणून बसवले आहेत. वहीत तीन रकाने आखा : मूळ कथा, पुस्तकातली जागा आणि 'लेखकाने हीच जागा का निवडली?'

मेड्युसा : मूळ कथेत तिच्याकडे पाहणारा दगड होतो. पुस्तकात ती न्यू जर्सीमध्ये बागेतल्या पुतळ्यांचं दुकान चालवते. मूळ पर्सियसने ढालीत प्रतिबिंब पाहून तिला मारलं, आपला पर्सी काचेच्या गोळ्यात पाहतो.

कमळ खाणारे लोक : मूळ कथेत ओडिसियसचे खलाशी कमळ खाऊन घर विसरतात. पुस्तकात लास व्हेगासमध्ये खेळांनी भरलेलं एक हॉटेल आहे. मुलांना वाटतं थोडाच वेळ गेला, प्रत्यक्षात पाच दिवस गेलेले असतात.

प्रोक्रस्टीस : हा पाहुण्यांना पलंगावर झोपवायचा. पाहुणा आखूड पडला तर ताणायचा, लांब असला तर पाय कापायचा. पुस्तकात त्याचं लॉस एंजेलिसमध्ये पलंगांचं दुकान आहे.

पहिले दोन रकाने सगळेच भरतात. खरं काम तिसऱ्या रकान्यात आहे, त्यासाठी वेळ द्या. कमळाच्या हॉटेलवर बोलताना मोबाईलचा विषय मुलं स्वतःहून काढतात, तुम्ही आधी काढू नका. तुम्ही काढलात की ते भाषण होतं! प्रोक्रस्टीसवर एवढंच विचारा, "सगळ्यांना एकाच मापात बसवायचा प्रयत्न आपण कुठे पाहतो?" उत्तरं गणवेशापासून परीक्षेपर्यंत जातात. ती शांतपणे ऐकून घ्या.

उपक्रम ३ : नकाशावरची मोहीम

अमेरिकेचा कोरा नकाशा द्या. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, सेंट लुईस, डेन्व्हर, लास व्हेगास, लॉस एंजेलिस ही ठिकाणं प्रकरण वाचून होईल तशी नोंदवायची आणि दोरा चिकटवत जायचा. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस रस्त्याने अंदाजे ४,५०० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई ते दिल्लीच्या तिप्पट. प्रमाण वापरून अंतर मोजायला लावा, गणितही होतं. २१ जूनलाच मुदत का संपते? उत्तर गोलार्धातला तो सर्वांत मोठा दिवस. भूगोलाच्या शिक्षकांना या तासिकेला जरूर बोलवा.

उपक्रम ४ : बंद पाकीट

मोहिमेवर निघण्याआधी पर्सीला एक भविष्यवाणी मिळते. तिच्यात चार खुणा असतात : दिशा, चोरीची वस्तू, मित्राकडून दगा आणि एक अपयश. ते प्रकरण संपलं की वाचन थांबवा. प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्यामागचं कारण लिहायचं. 'मला वाटतं' एवढ्यावर भागणार नाही, पुस्तकातला कोणता प्रसंग पाहून तसं वाटलं तेही लिहायचं. चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट बंद करा आणि शेवटच्या तासिकेला उघडा. २०१० सालचा चित्रपट किंवा २०२३ मध्ये सुरू झालेली मालिका पाहिलेली मुलं वर्गात असतील. त्यांना 'रहस्य राखणारे' करून पाकिटं सांभाळायचं काम द्या.

उपक्रम ५ : हर्मीसची खोली आणि कर्ण

देवांची मुलं उन्हाळ्यात एका शिबिरात राहतात. तिथे प्रत्येक देवाची वेगळी खोली. ज्यांना आईवडिलांपैकी जो देव आहे त्याने अजून 'हे माझं मूल' म्हणून ओळख दिलेली नाही, ती सगळी हर्मीसच्या खोलीत दाटीवाटीने जमिनीवर झोपतात. काही जण वर्षानुवर्षं वाट पाहतात.

इथे आपल्या मुलांना कर्ण आठवल्याशिवाय राहत नाही. तोही सूर्यपुत्र, त्यालाही ओळख मिळाली नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' घरी असेल तर काही मुलांनी त्याची गोष्ट ऐकलेलीही असते. दोन गट करा. एकाने पर्सीच्या बाजूने आणि दुसऱ्याने कर्णाच्या बाजूने आपल्या पालकाला पत्र लिहायचं. पर्सीला ओळख मिळते ती मोहिमेवर निघण्याआधी, कर्णाला जन्माचं रहस्य कळतं ते युद्धाच्या तोंडावर. "ओळख वेळेवर मिळाली तर माणूस किती बदलतो?" या प्रश्नावर पाचवी तासिका सहज संपते.

एक सूचना : ज्या मुलांच्या घरी आई किंवा वडील नाहीत, त्यांच्यासाठी हा विषय नाजूक असतो. पत्र वाचून दाखवण्याची सक्ती करू नका.

उपक्रम ६ : अक्षरं नाचतात तेव्हा

माझ्या मते या पुस्तकाचं सर्वांत मोठं देणं हेच आहे. पर्सीला इंग्रजी अक्षरं तरंगताना दिसतात. पुस्तक म्हणतं, त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलाय आणि त्याची चुळबुळ ही लढवय्याची सावधता आहे.

फळ्यावर ग्रीक मुळाक्षरांचा तक्ता लावा. अल्फा, बीटा, पाय ही अक्षरं मुलांच्या कानावर गणितातून पडलेली असतात. मग ग्रीक अक्षरांत लिहिलेलं एक सोपं इंग्रजी वाक्य द्या आणि दोन मिनिटांत वाचायला सांगा. वर्गातला सर्वांत हुशार मुलगाही अडखळतो. "आत्ता कुणी तुम्हाला 'लवकर वाच' म्हणालं असतं तर?" असं विचारा आणि थांबा.

नंतर दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, हा डिस्लेक्सियाचा हुबेहूब अनुभव नाही, अडखळत वाचण्याची फक्त चव आहे. दुसरी, डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. मात्र 'ही तर दैवी शक्ती आहे' असंही मुलांच्या मनात ठसवू नका. ती कादंबरीतली कल्पना आहे. खऱ्या मुलाला शक्तीची स्तुती नको असते, त्याला मदत हवी असते. आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेत प्रमाणित अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अनेक पालकांना हे उशिरा कळतं, म्हणून पालकसभेत जरूर सांगा.

आणि हे पुस्तक घेताना प्रकट वाचनाची पाळी लावू नका. ज्या मुलासाठी हा नायक जवळचा आहे, त्यालाच चारचौघांत अडखळायला लावणं बरं नाही. तुम्ही वाचा, ऑडिओबुक लावा किंवा ज्याला हौस आहे त्याला वाचू द्या.

उपक्रम ७ : प्रकरणाला नाव द्या

पर्सी स्वतःच गोष्ट सांगतो, त्यामुळे प्रकरणांची नावंही मिश्कील आहेत. मुलांना आपल्या कालच्या दिवसाची पाच प्रकरणं करायला सांगा, प्रत्येकाला 'मी' असलेलं गमतीदार नाव. 'मी दप्तरात डबा शोधतो आणि तो रिक्षात सापडतो' अशी नावं येतात. ज्यांना लांब निबंध जमत नाही, तीही इथे खुलतात. मराठीत लिहू द्या, मग आवडलेलं एक नाव इंग्रजीत करा.

एक अवघड जागा

पर्सीचा सावत्र बाप गेब घरात दहशत घालतो. तो आईवर हात उचलतो हे पर्सीच्या शेवटी लक्षात येतं. आई स्वतः त्यातून सुटका करून घेते, पण ती मेड्युसाच्या मस्तकाच्या मदतीने. मुलं टाळ्या वाजवतात. त्यांना रागवू नका, पण हा भाग घाईने उरकूही नका. आपल्या वर्गातही असं घर असू शकतं. "जादू नसेल तर आई काय करू शकते? मूल कुणाला सांगू शकतं?" हे विचारा. विश्वासातली मोठी व्यक्ती, शिक्षक आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा मोफत क्रमांक फळ्यावर लिहा आणि तो दिवसभर पुसू नका. तासिकेनंतर कुणी बोलायला थांबलं तर त्याच्यासाठी वेळ ठेवा.

पालकांसाठी

घरी रोज १५ मिनिटं पुरेत. एक पान तुम्ही, एक पान मुलाने, किंवा सगळं तुम्हीच वाचा, चालेल. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारू नका. 'परक्या देवांच्या गोष्टी कशाला?' असं मनात आलं तर एवढंच आठवा की यातलं ऑलिंपस न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६००व्या मजल्यावर आहे. तिथे एवढे मजलेच नाहीत हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं! शिवाय ग्रीक कथा ऐकल्या की मुलं आपल्या पुराणकथांबद्दल जास्त प्रश्न विचारू लागतात.

मूल्यमापनासाठी वेगळी चाचणी घेण्याची गरज नाही. वहीतला तिसरा रकाना, पाकिटातली चिठ्ठी आणि पत्र, एवढं पाहिलंत तरी कोण किती समजून वाचतंय ते कळतं.

यातला कोणताही एक उपक्रम या आठवड्यात करून पहा. मुलांनी तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं, ते आम्हालाही नक्की कळवा.