जड पाणी आणि सौर हीटरची निवड

देवनहळ्ळीत थंडीच्या दिवसांत पहाटे अंघोळीला कढत पाणी हवेच. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. २००८ मध्ये येथे बंगळुरूचा विमानतळ सुरू झाला आणि आसपास नव्या घरांची रांग लागली. कर्नाटकात २००७ मध्ये ठरावीक नव्या इमारतींना सौर हीटर सक्तीचा झाल्याने गच्चीवर तो बसवावाच लागतो. घेताना आपण किंमत विचारतो, टाकी किती लिटरची हेही विचारतो. घरात येणारे पाणी कसे आहे, याचा विचार मात्र राहून जातो.

येथे पुष्कळ घरांत बोअरवेलचे पाणी वापरतात आणि ते बऱ्याचदा जड असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही त्याची ओळख. असे पाणी तापले की क्षार वेगळे होऊन भांड्याला पांढरा थर धरतो. साध्या सौर हीटरमध्ये हेच पाणी गच्चीवरच्या पट्टीतील तांब्याच्या बारीक नळ्यांतून फिरते. नळ्या हळूहळू बुजतात आणि ऊन असूनही पाणी कोमटच राहते.

यावर उपाय म्हणजे हीट एक्स्चेंजर. आजीच्या काळचा तांब्याचा बंब आठवा. त्यात विस्तव मधल्या नळीत आणि पाणी भोवती असे. दोघांची गाठ पडत नसे, तरी पाणी तापे. येथेही पट्टीतून वेगळे, क्षारविरहित पाणी फिरते आणि टाकीतील वेटोळ्यातून किंवा टाकीभोवतीच्या दुहेरी भिंतीतून आपली उष्णता घरच्या पाण्याला देते.

खरेदीपूर्वी एवढे पाहा :

• पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे; दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते. जडपणा २०० च्या आत असेल तर साधा, स्वस्त हीटर सहसा पुरतो.

• एक्स्चेंजर पुरेसा मोठा हवा. तो लहान असला तर पट्टी तापते, पण उष्णता टाकीत पोहोचत नाही.

• वेटोळे तांब्याचे आहे की स्टेनलेस स्टीलचे, ते विचारा. टाकी उघडून वेटोळे साफ करता येते का, तेही पाहा.

• पट्टीतील पाणी कमी झाले तर बोअरवेलचे पाणी भरू नका. मग जादा पैसे मोजल्याचा उपयोग काय?

एक्स्चेंजरने पाणी मऊ होत नाही. थर वेटोळ्यावर धरणारच. पण तेथे तो साफ करता येतो, बारीक नळ्यांत ते काम अवघड असते. हा हीटर महाग पडतो आणि पाणीही किंचित कमी तापते. तरीही जड पाण्याच्या घरात तोच अधिक वर्षे साथ देतो. म्हणून दुकानात जाण्याआधी पाण्याची बाटली तपासणीला पाठवा. तो छोटा खर्च पुढचा मोठा खर्च वाचवील.