देवनारचा टीबी : कुलूप, किल्ली आणि संगणक

प्रत्येक रोगाबरोबर अल्लाहने इलाजही ठेवला आहे, ही आपली श्रद्धा. तो शोधणे मात्र माणसाचे काम. देवनार-गोवंडीच्या कोंदट खोल्यांत टीबीशी झुंजणारी घरे पाहताना आम्हाला हेच आठवते.

टीबीवरचे रिफाम्पिसिन जंतूच्या एका प्रथिनात, कुलपात किल्ली बसावी तसे बसते आणि त्याचे काम थांबवते. जंतूच्या जनुकात बदल झाला की कुलूप बदलते. जुनी किल्ली लागत नाही.

आता शास्त्रज्ञ प्रथिनाचा आकार संगणकावर मांडून, हजारो रेणूंपैकी कोणता त्यात बसेल याचा अंदाज घेतात. संगणकाने प्रथिनांचे आकार ओळखण्याच्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तरी हा अंदाजच. पुढे प्रयोगशाळेत आणि रुग्णांवरील चाचण्यांत वर्षे जातात. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बेडाक्विलिन हे टीबीसाठी सुमारे ४० वर्षांनी आलेले नव्या प्रकारचे औषध होते.

म्हणून हातातली किल्ली जपू या. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नका. अर्धवट उपचारात बदललेले जंतू टिकतात आणि घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचतात. रमजानमध्येही डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्यांची वेळ बदलू नका. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत आहे. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. दुआ करू या आणि उपचारही पुरा करू या.