रिमोट बदलण्याआधी टीव्हीच्या मागे बघा

रिमोट चालेनासा झाला की आपल्याकडे उपचारांचा क्रम ठरलेला असतो. आधी तळहातावर दोन थापट्या, मग मागचं झाकण काढून सेल गोल फिरवणं, आणि तरी नाही ऐकलं तर भिंतीवरच्या घड्याळातले सेल रिमोटमध्ये. यातला सेल फिरवण्याचा उपाय अगदीच अडाणी नाही. फिरवताना स्प्रिंगवर आणि सेलच्या टोकावर साचलेला पातळ थर खरवडला जातो आणि काही दिवस जोडणी सुधारते. पण स्ट्रीमिंग स्टिक, नवे सेट-टॉप बॉक्स आणि बरेचसे स्मार्ट टीव्ही यांच्यासोबत हल्ली जे रिमोट येतात ते रेडिओलहरींवर चालतात. त्यांचं दुखणं बहुतेक वेळा हातातल्या टोकाला नसतंच. ते असतं टीव्हीमागच्या टोकाला.

पहिल्यांदा आपला रिमोट कुठल्या जातीचा आहे ते पाहू. जुना रिमोट आयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाचा. त्याच्या तोंडाशी असलेला छोटा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकत संदेश पाठवतो. मध्ये कुणी उभं राहिलं की काम थांबतं. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं तर बहुतेक फोनच्या पडद्यावर तो दिवा जांभळट पांढरा चमकताना दिसतो. रेडिओ रिमोटला मात्र रोखावं लागत नाही. रजईच्या आतून बटण दाबलं तरी चालायला हवं.

खरी गंमत अशी की स्टिकसोबत येणारे बरेच रिमोट एकाच वेळी दोन्ही जातींचे असतात. बाण, होम, बॅक आणि माइकचं बटण ब्लूटूथवर. टीव्ही चालू-बंद करण्याचं आणि आवाजाचं बटण पुष्कळदा आयआरवर, कारण ते थेट टीव्हीला किंवा साउंडबारला उद्देशून असतं. निदानाची ही फुकटची सोय आहे. आवाज कमी-जास्त होतोय पण बाण हलत नाही, तर सेल पूर्ण मेलेले नाहीत आणि गडबड रेडिओच्या वाटेवर आहे. उलट बाण चालतायत पण आवाज हलत नाही, तर साउंडबार टीव्हीच्या आयआर खिडकीसमोर आडवा पडलाय का ते बघा. काही घरांत आवाजाचा हुकूम एचडीएमआय केबलमधून जातो, तिथे ही खूण लागू पडत नाही. म्हणून आधी कॅमेऱ्यासमोर आवाजाचं बटण दाबून दिवा पेटतो का ते पाहावं.

दुसरा प्रश्न : बटण हरवतंय की उशिरा पोचतंय? चार वेळा बाण दाबला, काहीच झालं नाही, आणि मग चारही हालचाली धडाधड एकदम झाल्या, असं असेल तर दोष रिमोटचाच असेल असं नाही. स्टिकची साठवण भरली की तीही अशीच अडखळते. याचा निकाल लावायचा सोपा मार्ग म्हणजे त्या स्टिकचं किंवा टीव्हीचं रिमोट ॲप फोनवर घेणं. ॲपचा हुकूम घरच्या वायफायवरून जातो, रिमोटच्या वाटेने जात नाही. ॲपही तसंच अडखळत असेल तर रिमोटला दोष देणं सोडा. नको ती ॲप काढा, आणि स्टिकला वीज कुठून मिळते ते बघा. टीव्हीच्या साध्या यूएसबी २.० तोंडातून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि अनेक स्टिक त्याच्या दुप्पट मागतात. डब्यातला ॲडॉप्टर भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा असतो, तो याचसाठी. बराच वेळ रिमोट पडून राहिल्यावर फक्त पहिलंच बटण वाया जात असेल तर तो दोष नव्हे. सेल वाचवायला रिमोट झोपी जातो आणि पहिल्या दाबाला जागा होतो.

ॲप चोख आणि रिमोट बेभरवशाचा, हे ठरलं की टीव्हीच्या मागे जायचं. तिथे जाण्याआधी थोडा हिशोब. असा रिमोट ढोबळ मानाने एक मिलिवॉट ताकदीने बोलतो. तीन मीटरवरच्या सोफ्यावरून निघालेली ती लहर मोकळ्या जागेतूनसुद्धा स्टिकपाशी पोचते तेव्हा जेमतेम एक लाखावा भाग उरलेला असतो. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण घेणारी चिप शांततेत त्याच्याही दहा हजारपट क्षीण संदेश समजू शकते. म्हणजे ताकद कमी पडते हे क्वचितच खरं. नडतो तो घेणाऱ्याच्या कानाशी चाललेला गोंगाट. मिक्सर चालू असताना त्याच्याशेजारी उभं राहून दुसऱ्या खोलीतली कुजबुज ऐकण्यासारखं ते आहे. रिमोट नवा आणला तरी मिक्सर चालूच राहतो.

आता भिंतीवर टांगलेल्या टीव्हीची मागची बाजू बघा. दोन बोटं जाईल एवढीच फट. मागे पत्र्याचं कवच, त्यामागे लोखंडी ब्रॅकेट. स्टिक थेट एचडीएमआयच्या तोंडात खुपसलेली, पत्र्याला चिकटून. शेजारच्या यूएसबीत सिनेमांची हार्ड डिस्क, आणि खाली गुंडाळलेल्या वायरींच्या पुंजक्यात स्वस्तातला ॲडॉप्टर. सोफ्याकडून येणाऱ्या लहरीला सरळ वाट नाहीच; भिंतींवरून आपटत, वळसा घालून ती आत शिरते. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. आपटून आलेल्या लहरी काही जागी एकमेकींना खोडतात आणि काही जागी बळ देतात. हात वीतभर डावीकडे नेला की रिमोट चालतो, हा घरोघरीचा अनुभव त्यातूनच येतो.

त्या हार्ड डिस्ककडे विशेष लक्ष द्या. इंटेलने २०१२ मध्ये एक टिपण प्रसिद्ध करून दाखवलं होतं की यूएसबी ३.० ची जोडणी काम करताना २.४ ते २.५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट सांडते. ब्लूटूथ आणि वायफायचा एक मोठा हिस्सा नेमका तिथेच असतो. तोंडात निळी पट्टी दिसली तर ते बहुधा यूएसबी ३. डिस्क उपसा आणि रिमोट चालवून बघा. अर्ध्या मिनिटाची चाचणी. फरक पडला तर डिस्क लांब वायरीने दूर न्या, किंवा २.० च्या तोंडात लावा; सिनेमा बघायला तेवढा वेग पुरतो.

स्टिकच्या डब्यात बऱ्याचदा एचडीएमआयचा वीतभरही नसलेला जोडतुकडा येतो, आणि तो बहुतेक घरांत डब्यातच राहतो. तो लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर डोकावेल अशी ठेवा. दहा सेंटिमीटरने काय होणार, असं वाटेल. पण सोफा तीन मीटरवर आहे, त्यामुळे रिमोटकडून येणाऱ्या संदेशात दहा सेंटिमीटरने काही फरक पडत नाही. गोंगाटाचा उगम मात्र दोन सेंटिमीटरवर होता, तो आता बारावर गेला. अंतर सहापट झालं की ताकद ढोबळ मानाने छत्तिसाव्या हिश्शावर येते. शिवाय स्टिक पत्र्याच्या आडोशातून बाहेर पडली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. ज्या एअर माउसला, म्हणजे हवेत हलवून चालवायच्या रिमोटला, बोटाच्या पेराएवढा यूएसबी डाँगल असतो, त्यालाही हाच न्याय : साध्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरीवर डाँगल पुढे आणा.

मग येतो वायफाय. अनेक स्टिकमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि दोन्ही २.४ वर असले की त्यांना आळीपाळीने बोलावं लागतं. क्रिकेटचा सामना चालू असताना रिमोट मंद होतो आणि होम स्क्रीनवर बरा चालतो, असं दिसलं तर हेच समजा. स्टिक ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर टाका. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल आणि ५ तिथवर पोचत नसेल, तर निदान राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. यामागे कारण आहे. नव्या ब्लूटूथ रिमोटची पहिली ओळख-पाळख २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्‌झ या तीन ठिकाणी होते, आणि त्या जागा मुद्दाम १, ६, ११ च्या फटींत निवडलेल्या आहेत. शेजाऱ्याचा राउटर ३ किंवा ४ नंबरवर बसला की मधली फट बुजते. सोसायटीत सगळ्यांचे राउटर सुधारणं आपल्या हातात नाही. आपला तरी सरळ ठेवावा. मायक्रोवेव्हवर संशय असेल तर त्यात पेलाभर पाणी मिनिटभर तापवून त्याच वेळी रिमोट दाबून पाहावा.

प्रोजेक्टरचा पडदा, मोटारीवर सरकणारे पडदे, छतातले दिवे यांच्या रिमोटची गोष्ट वेगळी. ते बहुधा ४३३ मेगाहर्ट्‌झवर चालतात, आणि ते भाबडे असतात : एकदा ओरडून सांगतात, समोरच्याने ऐकलं का याची चौकशी करत नाहीत, जागाही बदलत नाहीत. त्यामुळे त्यातला एक रिमोट सोफ्याच्या फटीत उशीखाली दबून राहिला आणि त्याचं बटण दाबलेलं राहिलं, तर घरातले त्या जातीचे इतर रिमोट मुके होऊ शकतात. सगळ्यांचे सेल काढायचे आणि एकेक घालून बघायचं. तपासायची दुसरी जागा म्हणजे पडद्याच्या पेटीतून बाहेर आलेली सतरा सेंटिमीटरची एकटी वायर. तिला काही जोडलेलं नसतं, म्हणून सुतार किंवा वायरमन ती गुंडाळून आत कोंबतो, कधी कापूनही टाकतो. तीच अँटेना. लांबी लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी मोजून ठेवलेली असते. ती सरळ, लोखंडी चौकटीपासून दूर लोंबती ठेवावी.

सेलचं शेवटी सांगतो, कारण ते सगळ्यांना आधी सुचतं. रेडिओवर बोलताना रिमोट क्षणभर जोराने विजेचा घोट घेतो. दमलेला सेल तेवढ्या क्षणापुरता व्होल्टेज टाकतो आणि रिमोट गडबडतो, जरी तोच सेल घड्याळात महिनोन्‌महिने चालला. त्यामुळे घड्याळात चालतो म्हणजे चांगला, ही कसोटी इथे कामाची नाही. स्वस्त कार्बन-झिंक सेलपेक्षा अल्कलाइन बरे, आणि दोन्ही एकाच वेळी बदलावेत.

एवढं सगळं करून, नवे अल्कलाइन सेल घालून, रिमोट स्टिकपासून हातभर अंतरावर धरून पुन्हा पेअर केला आणि तिथेही बटणं गळत असतील, तर रिमोट खरोखर गेला. नवा घेताना मात्र किंमत बघून भुलू नका. दिसायला हुबेहूब अशा नकला फक्त आयआरच्याही असतात. वर्णनात ब्लूटूथ आणि पेअरिंगचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा. स्टिकला आयआर बघायला डोळाच नसतो, त्यामुळे तशा नकलेने टीव्ही चालू होईल, आवाजही वाढेल, पण बाण तसूभरही हलणार नाही.