ग्रंथालय सेवकांची वार्षिक वाचनशिफारस

प्रास्ताविक

वर्ष सरत आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वर्षातील उल्लेखनीय पुस्तकांच्या याद्या येऊ लागतात. त्या बहुधा समीक्षकांनी व लेखकांनी केलेल्या असतात. पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये रोज उभा असणारा ग्रंथालय सेवक मात्र त्यांत क्वचितच दिसतो. सेवकाने वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांपैकी आवडलेली पुस्तके वाचकांना सुचवणे, ही ग्रंथव्यवहारातील एक महत्त्वाची कृती आहे. तिचे स्वरूप, तिची गरज आणि तिच्या मर्यादा आपण सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात समजून घेणार आहोत.

शिफारशीचे स्वरूप

समीक्षक पुस्तकाचे मूल्यमापन करतो, तर जाहिरात पुस्तक खपवू पाहते. सेवकाची शिफारस या दोहोंहून वेगळी असते. ‘हे पुस्तक कसे आहे?’ एवढाच प्रश्न तिच्यापुढे नसतो. ‘हे पुस्तक कोणासाठी आहे?’ हा प्रश्न तिच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा त्यांपैकी दोन सूत्रांचा आशय आहे. सेवकाची शिफारस ही या दोन सूत्रांची रोजच्या व्यवहारातील अंमलबजावणी होय.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. ‘वर्षातील आवडते पुस्तक’ म्हणजे त्या वर्षी प्रकाशित झालेले पुस्तक नव्हे, तर त्या वर्षी वाचलेले पुस्तक. अमेरिकेत २०१३ पासून ‘लायब्ररी रीड्स’ या उपक्रमात ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या मतांवरून दरमहा नव्या पुस्तकांची यादी तयार होते. आपल्याकडील लहान ग्रंथालयात नवी पुस्तके मोजकीच येतात. त्यामुळे कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले चांगले पुस्तक पुन्हा वाचकापर्यंत नेणे, हेच तेथील शिफारशीचे मोठे कार्य ठरते.

सातारा–सांगलीचा संदर्भ

आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचा सुपीक पट्टा आणि माण–आटपाडीचा अवर्षणप्रवण प्रदेश या दोन्ही जिल्ह्यांत विभागलेला आहे. या भूमीशी निगडित तीन पुस्तके पाहा. आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये, वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये, तर फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० मध्ये प्रकाशित झाले. पहिल्यात मेंढपाळांचे गाव आहे, दुसऱ्यात वारणेच्या खोऱ्यातील मांग समाजाचा लढा आहे आणि तिसऱ्यात कैकाडी समाजाचे भटके जगणे आहे. सेवकाने यांपैकी एकाच पुस्तकाचे नाव वाचकाला सतत सांगितले, तर त्याला आपल्याच प्रदेशाचा एकच चेहरा दिसेल. ज्या पुस्तकाचे नाव कधी कानांवर आले नाही, ते मागण्याचे वाचकाला सुचत नाही.

शिफारस करणारी व्यक्ती नेहमी प्रशिक्षित ग्रंथपालच असते असेही नाही. सातारा जिल्ह्यातील पाचगणीजवळच्या भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. वेल्समधील हे-ऑन-वे या गावापासून त्याची प्रेरणा घेतलेली आहे. मात्र ‘हे’ हे गाव पुस्तकविक्रीसाठी प्रसिद्ध आहे, तर भिलारमध्ये पुस्तके वाचण्यासाठी ठेवलेली आहेत. आरंभी तेथील २५ ठिकाणी साहित्यप्रकारांनुसार पुस्तकांची मांडणी करण्यात आली. त्यांत गावकऱ्यांची राहती घरेही होती. अशा घरात आलेल्या पाहुण्याने ‘काय वाचू?’ असे विचारले, तर उत्तर देण्याची जबाबदारी घरातील माणसावर येते. त्याने स्वतः काही वाचलेले असेल तरच पुस्तकांनी भरलेली खोली खऱ्या अर्थाने ग्रंथालय होते.

शिफारशीची गरज

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि वर्गानुसार शासकीय अनुदान मिळते. ‘ड’ वर्गाच्या ग्रामीण ग्रंथालयाचे अनुदान अल्प असते आणि देवघेव, नोंदी, झाडलोट ही सारी कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. ग्रंथखरेदीची रक्कम थोडी असली की प्रत्येक निवडीचे मोल वाढते. न वाचले जाणारे एक पुस्तक घेणे म्हणजे वाचले गेले असते असे दुसरे पुस्तक नाकारणे होय.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले. सांगली जिल्हा नगर वाचनालयातील ग्रंथसंपदेचेही त्यात मोठे नुकसान झाले. अशा आपत्तीनंतर दाखल नोंदवही सुरक्षित असेल, तर कोणते ग्रंथ गेले हे तिच्यावरून कळते. परंतु त्यांपैकी कोणते आधी परत आणावेत, कोणत्या पुस्तकाची वाट कोण पाहत आहे, कोणत्या कादंबरीची पाने हाताळून मऊ झाली होती, हे नोंदवहीत लिहिलेले नसते. ते सेवकाच्या स्मरणात असते. ही माहिती दरवर्षी लेखी टिपणांच्या रूपाने जपली, तर ती एका व्यक्तीपुरती न राहता ग्रंथालयाची होते. सेवक निवृत्त झाला तरी ती उरते.

शिफारसटिपण कसे लिहावे?

‘अतिशय सुंदर कादंबरी. प्रत्येकाने वाचावी.’ हे टिपण कोणत्याही पुस्तकाला लागू पडते. म्हणून ते निरुपयोगी आहे. याउलट पुढील नमुना पाहा :

‘बनगरवाडी : मेंढपाळांच्या वस्तीवर नेमलेल्या एका तरुण शिक्षकाची ही कथा. शाळा कशी उभी राहते आणि पाऊस न आल्यास गाव कसे रिकामे होते, हे यात दिसते. कादंबरी आटोपशीर आहे. कादंबरीवाचनाची सवय नसलेल्यांनी येथून आरंभ करावा. वेगवान घटनांची अपेक्षा असणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.’

या टिपणात चार गोष्टी आहेत : पुस्तकाचा विषय, त्याचे वैशिष्ट्य, योग्य वाचक आणि प्रामाणिक इशारा. शेवटची गोष्ट बहुतेक टिपणांत आढळत नाही. परंतु वाचकाचा विश्वास तिच्यामुळेच दृढ होतो.

मर्यादा

सेवकाच्या आवडीवर त्याचे वय, शिक्षण, जात, लिंग आणि संस्कार यांचा प्रभाव असतो. म्हणून शिफारस एकाच व्यक्तीची नसावी. ग्रंथपालाबरोबर सहायक, शिपाई आणि नियमित वाचक यांनाही तीत स्थान असावे. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस कोणीही करू नये. तसेच शिफारस ही सूचना असते, सक्ती नव्हे. वाचकाचे निवडीचे स्वातंत्र्य तिने अबाधित ठेवले पाहिजे.

सारांश

सेवकाची वाचनशिफारस पुस्तकाच्या गुणवत्तेइतकाच वाचकाचा विचार करते. अल्प निधी, नैसर्गिक आपत्ती आणि विविध समाजघटकांचे साहित्य यांच्या संदर्भात तिचे महत्त्व वाढते. ती लेखी स्वरूपात जतन केल्यास ग्रंथनिवडीचा विश्वसनीय आधार बनते.

स्वाध्याय

१. समीक्षा आणि ग्रंथालय सेवकाची शिफारस यांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘दाखल नोंदवही सेवकाच्या स्मरणाची जागा घेऊ शकत नाही.’ या विधानाची चर्चा करा.
३. आपल्या गावातील ग्रंथालय सेवकाची मुलाखत घेऊन, त्यांनी यावर्षी वाचलेल्या तीन पुस्तकांची प्रत्येकी ५० शब्दांत शिफारसटिपणे तयार करा.