दुकानात नाव घेता यावं म्हणून

मराठवाड्यातल्या किराणा दुकानात "व्हीलचा निरमा द्या" असं गिऱ्हाईक आजही बिनदिक्कत सांगतं आणि दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटत नाही. टूथपेस्ट कुठलीही असो, मागायची ती 'कोलगेट' म्हणूनच. एका कंपनीचं नाव अख्ख्या वस्तूला चिकटतं, त्यात जाहिरातीच्या गाण्याचा, म्हणजे जिंगलचा, मोठा हात असतो.

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा ओळखलं जातं ते जुन्या मंदिरांसाठी. पण जिंगल कशासाठी जन्मली हे समजून घ्यायचं तर अशा गावातलं जुनं किराणा दुकान बघावं. माल सगळा गल्ल्यामागे. फळीवरची पुडी उचलून बघायची सोय नाही. हवं ते तोंडानं मागायचं. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही मालाचं नाव बिनचूक घेता यावं आणि आईनं दुकानात पिटाळलेलं पोर ते वाटेत विसरू नये, एवढ्यासाठी ही सगळी वाजंत्री.

हे काम आधी रेडिओनं केलं. आकाशवाणीवर जाहिरातींना मज्जाव होता, तेव्हा कंपन्या रेडिओ सिलोनकडे गेल्या. १९५२ पासून अमीन सयानींनी गाजवलेल्या 'बिनाका गीतमाले'च्या नावातच टूथपेस्ट होती. १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिराती वाजू लागल्या. दूरदर्शनचा दरवाजा १९७६ मध्ये उघडला. पण गावात टीव्ही मोजक्या घरी असायचा. रेडिओ मात्र शेतात, सलूनमध्ये आणि शिंप्याच्या मशीनशेजारीही वाजायचा.

जिंगल बांधणं दिसतं तितकं सोपं नाही. हिशेब मांडून बघा. तीस सेकंदांचं गाणं, लय मिनिटाला १२० मात्रांची. म्हणजे हातात साठ मात्रा. आठ मात्रांच्या केरवा तालात बांधलं तर आवर्तनं जेमतेम साडेसात. पहिलं कान टवकारायला लावण्यात जातं, शेवटचं नाव ठसवण्यात. उरलेल्या पाच-साडेपाच आवर्तनांत तक्रार, उपाय आणि खुशी हे तिन्ही बसवायचं. अंतऱ्याचे लाड करायला जागाच नाही. मालाचं नाव समेवर पडलं पाहिजे आणि ताणलं तरी मोडता कामा नये. शिवाय मध्यम लहरींवरच्या छोट्या रेडिओतून खर्ज नीट पोचत नाही. म्हणून बाईचा किंवा मुलांचा स्वच्छ आवाज आणि टणटणीत वाद्यं कामाला येतात. हिंदी गाणं मराठीत आणताना तर चालीला हात न लावता शब्द कोंबायचे. घाईत केलेली अशी मराठी जिंगल लगेच ओळखू येते. ऱ्हस्व अक्षर विनाकारण लांबतं आणि क्रियापदाला जागा न मिळाल्यामुळे वाक्य लोंबकळत राहतं.

या कामाला मोठी माणसं लाभली. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकून मुंबईला परतले आणि जाहिरातींना चाली देऊ लागले. सात हजारांहून जास्त जिंगल त्यांच्या नावावर सांगतात. लिरिल साबणाच्या धबधब्याखालची धून त्यांचीच. जाहिरातपटांतूनच पुढे आलेल्या श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'लाही संगीत भाटियांचं. मोठ्या कामाआधी हात साफ करायची ही तालीमच होती. ए. आर. रहमान यांनीही सुरुवातीच्या काळात जिंगल केल्या. उलट टायटन घड्याळाच्या जाहिरातीनं सूर घेतले ते थेट मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतून.

मराठी घरांना सगळ्यात ओळखीची जिंगल बहुधा विकोची. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत सुरू केलेला हा उद्योग. त्याची जाहिरात थिएटरात सिनेमाआधी लागायची, भाड्यानं आणलेल्या व्हिडिओ कॅसेटमध्येही असायची. १९८४ मध्ये दूरदर्शनवरची 'ये जो है जिंदगी' ही मालिकाही विकोनंच प्रायोजित केली. आपलं हळदीचं क्रीम सौंदर्यप्रसाधन नाही, आयुर्वेदिक आहे, हा दावा कंपनीनं चालीवर गाऊन घेतला. गंमत म्हणजे याच मुद्द्यावर अबकारी खात्याशी तिचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल विकोच्या बाजूनं लागला. लिज्जतची गोष्ट वेगळी. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. टीव्हीवर तो पापड खाऊन खिदळणारा ससा मात्र शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बाहुला होता.

जपानमध्ये या कलेनं दुसरी वाट धरली. तिथं खासगी रेडिओ १९५१ साली आला आणि त्याच वर्षी मिकी तोरिरो यांनी फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कोनिशिरोकु कंपनीसाठी हौशी छायाचित्रकाराचं गाणं केलं. तिथलं पहिलं जाहिरातगीत म्हणून ते ओळखलं जातं. पण गाण्यात कंपनीचं नावच नाही. १९७३ मध्ये कोबायाशी आसेई यांनी हिताचीसाठी चाल दिलेलं गाणंही एका झाडाबद्दल आहे. पडद्यावर हवाई बेटांवरचा डेरेदार वृक्ष दिसतो, तोच आपल्या रस्त्यांवरचा पर्जन्यवृक्ष. हिताचीच्या कंपन्यांची नावं खाली नुसती सरकत जातात. बघणारा ती वाचणार याची खात्री होती, म्हणून गाण्याला झाडाखाली रेंगाळायची मुभा मिळाली. आपल्या जिंगलला ती चैन परवडणारी नव्हती. तिला नाव घोकून घ्यायचं होतं.

आता त्या घोकंपट्टीची गरज घटत चालली आहे. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दुकानाच्या दारातच लोंबतात. बोट दाखवलं की काम झालं. मोबाइलवर जाहिरात पाच सेकंदांत टाळता येते, म्हणून कंपन्या दोन-तीन सेकंदांच्या सुरावटीवर भागवतात. आठवडी बाजारात भोंगा लावलेली रिक्षा तेवढी सिनेमाच्या चालीवर बियाणं, कपडे आणि भांडी खपवत फिरते. गल्ल्यावर ठेवलेला पैसे जमा झाल्याचं सांगणारा डबा मराठीत बोलतो खरा, पण तो बोलतो दुकानदाराशी. जिंगल गिऱ्हाइकाशी बोलायची. कुठलीही शाळा न शिकलेल्या माणसालाही गल्ल्यापुढे उभं राहून ठणकावून आपल्या पसंतीचा माल मागता यावा, ही सोय तिनं केली. माल खपवण्यासाठीच केली हे खरं. पण कंपन्यांच्या नफ्यापलीकडे तिच्या खात्यावर एवढी जमा मांडायलाच हवी.